विहिरीची जागा हात वर करून ठरवायची का?

पत्र साक्री तालुक्यातल्या एका वाचकाचं आहे. थोडक्यात देतो:

"मी सिव्हिल इंजिनिअर आहे, वय 27, नोकरी धुळ्यात. आमचं गाव 2,400 वस्तीचं. पाणीपुरवठ्याच्या नव्या विहिरीसाठी भूजल सर्वेक्षणवाल्यांनी नाल्याच्या वरच्या अंगाला जागा दाखवली. गावाला मात्र पांझरा नदीकाठची, देवळाजवळची हवी. तिथे पाणाड्याने हातावर नारळ उभा करून दाखवला. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी बोलायला उठलो, तर 'कालना पोऱ्या, तुले काय समजस?' म्हणून खाली बसवलं. हात वर झाले, नदीकाठ मंजूर. वडीलही त्यांच्याच बाजूने. रात्री मी घरात म्हणालो, ज्याला कळत नाही त्याला मत कशाला, शिकलेल्यांनाच मत असावं. काका म्हणाले, 'आम्ही शिकलो नाही म्हणजे आम्हाला अक्कल नाही का?' वडिलांनी तेव्हापासून बोलणं टाकलंय. माझं चुकलं का? आणि 1 मेच्या ग्रामसभेत काय करू?"

भाऊ, आधी जिथे तुमचं बरोबर आहे ते सांगतो. काही गोष्टी हात वर करून ठरत नाहीत. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची, हे त्यातलंच. ताजी, 33 टक्के क्लोरीन असलेली पावडर हजार लिटरला 5 ग्रॅम धरतात, म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की ताकद उतरते. ती 20 टक्क्यांवर आली तर त्याच टाकीला 410 ग्रॅमच्या पुढे लागेल. मग अर्धा तास थांबायचं, शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट (उरलेला क्लोरीन रंगावरून पाहायची चाचणी) करायची, आणि तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलाय का पाहायचं. पावसाळ्यात गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, त्यामुळे उन्हाळ्याचं माप श्रावणात चालत नाही. खतं-सांडपाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. अख्ख्या गावाने एकमुखाने 90 चालेल म्हटलं तरी तान्ह्या बाळाच्या रक्ताला तो ठराव कळत नाही. तुमची चीड इथून आली असेल तर ती रास्त आहे.

पण तुम्ही तिथून एकदम मताधिकारावर गेलात. कौशल्याला मान देणारा माणूस राजकारणात कुठे पोचतो, हे तो कोणाचं कौशल्य मोजतो यावर ठरतं. फक्त पदवी मोजली की माणूस 'जाणकारांचं राज्य' म्हणू लागतो. हातातलं कसब मोजलं की तोच माणूस म्हणतो, काम करणाऱ्याला विचारल्याशिवाय वरून हुकूम काढू नका. दोघांनाही ज्ञानाची कदर आहे, तरी एक सत्ता वर नेतो आणि दुसरा खाली आणतो. तुम्ही ज्ञानाला फार महत्त्व देता, ही तुमची चूक नाही. गावातलं बरंचसं ज्ञान तुम्ही मोजलंच नाही, ही आहे.

हा वाद जुना आहे. जहाज कोणी हाकायचं हे प्रवाशांच्या मतावर ठरवत नाहीत, मग राज्य का ठरवता, असं प्लेटोने विचारलं. त्याचाच शिष्य अ‍ॅरिस्टॉटल म्हणाला, घर कसं झालं हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळतं, आणि जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला. आम्हाला दोघांपेक्षा त्या अथेन्सची वहिवाट जास्त शिकण्यासारखी वाटते. बहुतेक अधिकारपदं ते चिठ्ठ्या टाकून भरत, पण 10 सेनापती मात्र दरवर्षी निवडून देत, कारण लढाई चिठ्ठीवर सोडता येत नाही. सगळ्या प्रश्नांना त्यांनी एकच माप लावलं नाही.

पण तुम्हाला अथेन्सपर्यंत जायची गरजच नाही. पांझरेच्या काठची फड पद्धत तुमच्या तालुक्यातलीच, काही शतकांची. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, जादा पाणी परत नदीला सोडायला सांडम. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड, आणि एका फडात एकच पीक. यंदा उसाला कोणता फड, हंगामी पिकाला कोणता, पाणी कमी असेल तर कोणता कोरडा ठेवायचा, हे शेतकरी आणि त्यांचे पंच बसून ठरवणार. पाणी मात्र पाटकरी भरणार. मालकाने स्वतःच्या वावरात सुद्धा पाण्याला हात लावायचा नाही. कोणत्या वाफ्याला किती वेळ, बारं कधी मोडायचं, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्याला कधी वळवायचं, हा शब्द पाटकऱ्याचा. त्याच्यावर देखरेखीला हवालदार, आणि मेहनताना धान्यात.

काय हवं ते सगळ्यांनी ठरवायचं, कसं करायचं ते जाणत्याने. आणि तो जाणता पदवीधर नव्हता. त्याच्या चुकीचा हिशेब त्याच आठवड्यात वावरात दिसायचा, म्हणून त्याच्यावर भरवसा होता. पंचांनी पाटकऱ्याचं काम हातात घेतलं असतं तर शेवटचा फड वाळला असता. पाटकऱ्याने पीक ठरवलं असतं तर गावात डोकी फुटली असती. विश्वेश्वरय्यांची इंजिनिअर म्हणून नोकरी 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सुरू झाली, आणि त्यांचं एक अगदी सुरुवातीचं काम याच पांझरेवरचा नळी-सायफन, म्हणजे नदी ओलांडून पाणी नेणारी नळी. पुढे त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली, तीत पिकांची पाळी आणि पाण्याची शिस्त यांची सांगड आहे. इतका मोठा इंजिनिअरसुद्धा पाण्याचं गणित माणसांच्या वाटणीपासून तोडून करत नव्हता.

आता 'शिकलेल्यांनाच मत' या तुमच्या वाक्याकडे. 1951 च्या जनगणनेत देशात साक्षर होते सुमारे 18 टक्के, बायकांत 9 टक्क्यांच्या आसपास. ती अट तेव्हा घातली असती तर दहातले आठ जण पहिल्याच निवडणुकीत बाहेर बसले असते. सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला तो याच लोकांसाठी. अलीकडचं पाहायचं तर हरियाणाने पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. राजस्थानने तशीच अट घातली होती, 2019 मध्ये काढून टाकली. अशा अटीने पहिल्यांदा कोण गळतं? म्हाताऱ्या बाया, मजूर, गावाच्या शेवटच्या वस्तीतले लोक. नळाला पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं येतं, कोणत्या महिन्यात वास येतो, हे सगळ्यात नेमकं सांगणारे हेच. तुमच्या योजनेची अर्धी माहिती यांच्याकडे आहे.

आणि ज्ञानाला जादा मत हा प्रयोग आपल्याकडे चालू आहेच. राज्यघटनेच्या कलम 171 प्रमाणे विधान परिषदेत पदवीधरांचे आणि शिक्षकांचे वेगळे मतदारसंघ आहेत. महाराष्ट्रात 78 पैकी 7 जागा पदवीधरांच्या. तुम्ही नाशिक विभागात येता. त्या निवडणुका बघा. तिथेही पक्ष, गट आणि गोतावळा यांवरच मतं पडतात. पदवीधरांनी निवडायचं म्हटलं म्हणून भूजलतज्ज्ञ निवडून येत नाहीत. (तरी तुमचा हक्क सोडू नका. 1 नोव्हेंबरच्या आधी किमान तीन वर्षं पदवी झालेली असेल तर नमुना 18 भरा. ही यादी दर निवडणुकीला नव्याने करतात, मागच्या वेळी नाव होतं म्हणून चालत नाही.)

आता खरा जाणता आणि जाणत्याचा आव आणणारा यांतला फरक. हा तुम्हाला ग्रामसभेत लागणार आहे. पहिलं बघायचं, त्याची चूक त्याला दिसते का आणि किती लवकर. विहीर खोदणाऱ्याला दिसते, त्याने मुरूम कुठे संपला आणि काळा पाषाण कुठे लागला हे शंभर वेळा पाहिलेलं असतं. पाणाड्याला दिसत नाही. आपल्याकडे बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, वरचा झिजलेला थर बऱ्याच ठिकाणी ओला असतो, कुठेही खोदलं तरी थोडंफार पाणी लागतं आणि ते नारळाच्या नावावर जमा होतं. त्याला एवढंच विचारा, गेल्या पाच वर्षांत दाखवलेल्या किती जागा कोरड्या गेल्या? फसलेल्या जागांचा हिशेब तो ठेवत नाही. दुसरं, माणूस आपल्या विषयाच्या बाहेर त्याच तोऱ्यात बोलतो का. अमेरिकेत फिलिप टेटलॉक यांनी 284 राजकीय-आर्थिक जाणकारांची भाकितं सुमारे दोन दशकं तपासली. दूरचं भविष्य सांगताना त्यांची मजल अंदाजपंचे ठोकणाऱ्याच्या फार पुढे गेली नाही. तेव्हा 'तज्ज्ञ म्हणतात' एवढ्यावर भुलू नका, कोणत्या प्रश्नाचे तज्ज्ञ ते विचारा. हाच नियम तुम्हालाही लागू. तुम्ही सिव्हिल इंजिनिअर आहात, भूजलशास्त्रज्ञ नाही. टाकी, पाइप, पंप यांवर तुमचा शब्द वजनदार. जमिनीखालच्या पाण्यावर तुम्ही गावापेक्षा दोनच पावलं पुढे आहात.

नदीकाठ मागणारे वेडे आहेत असंही समजू नका. काठच्या गाळ-वाळूत विहीर लवकर भरते, हे त्यांनी पाहिलंय. पण पांझरेचा प्रवाह आता वरच्या धरणांतून सुटणाऱ्या पाण्यावर आहे, आजोबांच्या वेळची नदी राहिलेली नाही. वरच्या गावांचं सांडपाणी त्यात उतरतं, पुरात विहीर गाळाने भरते, पंप बुडतो. वरच्या जागेचीही गोम आहे. धुळे-नंदुरबार पट्ट्यात डाईक भरपूर, म्हणजे जमिनीत उभ्या गेलेल्या कठीण दगडाच्या भिंती. पाणी त्या भिंतीला अडतं. भिंतीच्या चढाकडच्या विहिरीला पाणी टिकतं आणि शंभर फुटांवर पलीकडची फेब्रुवारीत तळ दाखवते. सर्वेक्षणाची जागा अशा भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे, हे अहवालात बघा. नसेल लिहिलं तर लेखी विचारा.

1 मेच्या सभेत 'माझी जागा बरोबर' हे भांडण नेऊ नका, हराल. ठराव वेगळा मागा: मेअखेर दोन्ही जागांच्या शेजारच्या विहिरींची उपसा चाचणी घ्यावी, दोन्हीकडे ट्रायल बोअर घ्यावा, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत, आणि आकडे पाहून अंतिम जागा ठरवावी. मोजून बघू म्हणणाऱ्या माणसाला खाली बसवणं अवघड असतं.

चाचणी अशी. दोन्ही ठिकाणची शेजारची एकेक खासगी विहीर निवडा, मालकाची परवानगी घ्या. व्यास मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले 0.785 गुणिले हजार, म्हणजे एक मीटर उंचीत किती लिटर मावतं ते. 6 मीटर व्यासाची विहीर असेल तर मीटरला सुमारे 28 हजार लिटर. पंप लावून पाणी खाली आणा, पंप बंद करा, आणि दर 15 मिनिटांनी पातळी वहीत लिहा. पहिल्या तासात पाणी 30 सेंटिमीटर चढलं तर तासाला साधारण साडेआठ हजार लिटर. इथे बहुतेक जण चुकतात: पहिल्या तासाचा आकडा घेऊन, दिवसाचे 16 तास धरून, 16 ने गुणतात आणि 1 लाख 36 हजार लिटर मिळेल म्हणून खूश होतात. पाणी जसं वर येतं तसा बाहेरच्या आणि आतल्या पातळीतला फरक कमी होतो, चढण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे किमान आठ तास मोजा, रात्रभर जमलं तर उत्तम. शेजारची बोअर चालू असेल तर ती बंद ठेवा किंवा वहीत नोंद करा. नाहीतर नंतर कोणीतरी तेवढ्यावरून अख्खी चाचणी खोटी ठरवील.

गरज किती? जलजीवनच्या हिशेबाने माणशी रोज 55 लिटर, 2,400 माणसांना 1 लाख 32 हजार. पाइपातली गळती 15 टक्के धरली तर विहिरीतून 1 लाख 55 हजार उपसावं लागेल. जनावरं यात धरलेली नाहीत, आणि तुमच्या गावात ती नक्की आहेत. शेजारच्या विहिरीचा आकडा हा अंदाज आहे, हेही सभेत तुम्हीच आधी सांगा. खात्री ट्रायल बोअरनेच होईल.

आकडे आले की जाणकाराचं काम तिथे थांबतं, आणि इथे भले भले इंजिनिअर घसरतात. 'वरची जागा योग्य' हा निष्कर्ष गणितातून निघत नाही. गणित एवढंच सांगेल, की वरच्या विहिरीत पाणी चांगलं पण उन्हाळ्यात तोकडं पडण्याची भीती, नदीच्या विहिरीत पाणी मुबलक पण शुद्धीकरणाचा आणि गाळाचा खर्च कायमचा. दहा वर्षांत दोन उन्हाळे टँकर चालेल की दरवर्षी पाणीपट्टी जास्त चालेल, हा प्रश्न सोसणाऱ्यांनी सोडवायचा. शेवटच्या वस्तीची लाइन आधी टाकायची की देवळाची, हाही त्यांचाच. निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाया सातला घर सोडतात. पाणी आठला सोडलं तर योजना कागदावर शंभर टक्के आणि त्यांच्या घरात हंडा रिकामा. ही वेळ कोणत्याही डिझाइनमध्ये नसते. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते ती याचसाठी, तिथे आईला किंवा वहिनीला हे मुद्दे मांडायला सांगा. गावच्या पाणी समितीत निम्म्या बाया असाव्यात असं जलजीवनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या समितीत किती आहेत, आणि त्या बैठकीला स्वतः येतात की नुसती सही घरी पोचते, हे पाहा.

सभेचं तंत्रही असतं, भाऊ. विषय अजेंड्यावर यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आयत्या वेळचा विषय आरडाओरड्यात बुडतो. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. तुमच्या गावाला 100 च लागतील असं दिसतं, ते खरोखर हजर आहेत का बघा. पाच मिनिटांच्या वर बोलू नका, अहिराणीत बोला, आणि मोठ्या कागदावर तीनच आकडे लिहा: लागतं किती, वरच्या विहिरीत किती, नदीच्या विहिरीत किती. तुमच्या आधी एखाद्या जुन्या विहीरमालकाला किंवा खोदणाऱ्याला बोलू द्या. ठराव, सूचक-अनुमोदकाची नावं आणि विरोधातले मुद्दे प्रोसिडिंगमध्ये उतरलेत की नाही ते त्याच दिवशी वाचा. इतकं करून गावाने आकडे पाहून नदीकाठच निवडला, तर शुद्धीकरण यंत्रणेचा आणि पूरपातळीच्या वर पंपघर बांधण्याचा ठराव तुम्हीच मांडा. तुमची इंजिनिअरिंग तिथेही लागेल.

वडिलांचं. माफी मागा, पण नुसती माफी मागून उठू नका. विहिरीवर तुम्ही बोललात तोवर ठीक होतं. 'कळत नाही त्याला मत कशाला' हे वाक्य त्यांच्या अंगावर पडलं, ते परत घ्या. मग गावाचा नकाशा त्यांच्यापुढे पसरा आणि विचारा, 1972 च्या दुष्काळात कोणत्या विहिरीला पाणी होतं? तेव्हा ते लहान असतील, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायला सांगा. कोणत्या आटल्या, कोणत्या नंतर बोअर पडल्यावर आटल्या, नाल्याला कोणत्या साली किती पाणी चढलं, सगळं नकाशावर खुणा करून घ्या. ही नोंद भूजल सर्वेक्षणाच्या अहवालात नाही आणि तुमच्या पुस्तकातही नव्हती. वर सांगितलेली डाईक बहुतेक याच खुणांवरून सापडेल: एका रेषेच्या अलीकडच्या विहिरी टिकलेल्या आणि पलीकडच्या आटलेल्या असतील, तर ती रेषा घेऊन भूजलवाल्यांकडे जा.

मेअखेरच्या मोजणीला वडिलांना आणि काकांना बरोबर घ्या. टेपच्या टोकाला वजन बांधा, विहिरीच्या कठड्यावर एकच खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा, नाहीतर पाच-सहा सेंटिमीटर इथेच चुकतात. टेप काकांच्या हातात द्या, घड्याळ वडिलांच्या, वही तुमच्याकडे ठेवा, आणि प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या घ्या.